सूर, रात्रपाळी

गावाचं नाव सूर.
सहा वर्षांत इथे मला कुणी गायला सांगितलेलं नाही.
समुद्राचं पाणी गोडं करायचं,
त्याचे आकडे राखायचे.

पावणेतीनला खमीस खुर्ची मागे ढकलतो:
तुझा एडिटर मेला.
मेलेला नाही. कर्सर आहे जागच्या जागी,
तिसऱ्या पंपाच्या ओळीत, ‘दाब’ या शब्दाच्या पुढे.
फक्त लुकलुकत नाही.

नऊला अलार्म वाजला तेव्हा
कंट्रोल-झेड दाबून मीच त्याला बाजूला बसवलं होतं,
पाच मिनिटांसाठी.
मग गळका व्हॉल्व्ह, मग करक चहा,
मग खमीसच्या मुलीचे शाळेतले फोटो.
आता एफजी म्हटल्यावर आला पुढे
आणि उभाच राहिला,
स्वयंपाकघरात येऊन
कशाला आलो ते विसरलेल्या माणसासारखा.

कंट्रोल-क्यू दाबून पाहिलं.
पुष्कळदा चुकून एस लागलेला असतो,
दोष बोटाचा नि आळ यंत्रावर.
तसं नव्हतं.
दुसऱ्या खिडकीतून नाडी बघितली:
झोपलाय. कुणाची तरी वाट बघतोय.

फाइल उघडली होती निझारने,
स्वतःच्या लॅपटॉपवरून, दुपारच्या पाळीत.
मी ती तशीच पुढे चालवायला घेतली.
आणि हा जागा होताच
निझारच्याच लॅपटॉपला विचारत बसलाय,
तिकडे काही कॉपी करून ठेवलंय का?

लॅपटॉपचं झाकण बंद. तो बॅगेत,
बॅग डोक्यावरच्या कप्प्यात,
कप्पा अरबी समुद्राच्या वर कुठेतरी.
निझार सुट्टीवर गेलाय.
कागदावर तरी सुट्टीच आहे.

नकार आला असता तर हा पुढे गेला असता.
नकार त्याला कळतो.
काहीच न येणं कळत नाही.

शेवटी मारला, नऊ नंबरने.
खमीसने मुद्दाम तोंड फिरवलं.
परत उघडताना आधीच बजावलं,
एक डॅश, एक मोठा एक्स:
कुणाच्या खिडकीत डोकावू नकोस, आपलं आपण लिही.
तो म्हणाला, अर्धवट प्रत सापडली आहे, आणू का?
आण.

सगळं आलं, ‘दाब’पर्यंत.
आकडा मी लिहिलाच नव्हता बहुतेक.

निझारला मेसेज टाकला, पोचलास की कळव.
एक टिक.

टॉर्च घेऊन खाली उतरलो.
गेजच्या काचेवर दमट वाफ.
बाहीने पुसली.
एकसष्ट.