सेरेझाच्या पोटातलं

सकाळी सहाला मी सेरेझाच्या पोटात हात घालते.
डाव्या कुशीवर रबरी झाकण आहे, बशीएवढं.
पाहुणे तोंड फिरवतात,
ती गव्हाणीतून मानसुद्धा काढत नाही.
खांद्यापर्यंत आत. एकोणचाळीस अंश.
फेब्रुवारीत तेर्सेइरा बेटावर
एवढी ऊब मला दुसरीकडे कुठे मिळत नाही.

वर गवताची साय, दाट, तरंगती.
खाली काढ्यासारखं पाणी,
आणि वाटीभर पाण्यात
या बेटावर आजवर जन्मलेल्या माणसांहून जास्त जीव.
गाय गवत खाते असं आपण म्हणतो.
खरं तर ती आधी त्यांना वाढते,
मग उरलेलं, त्यांच्यासकट, स्वतः खाते.

यंदा काम लाल शेवाळाचं.
खडकांवरून आणायचं, वाळवायचं, दळायचं,
आंबोणात चिमटीने मिसळायचं.
ढेकरांतला वायू घटतो, असं यंत्र सांगतं.
सेरेझाने हुंगलं आणि माझ्याकडे असं पाहिलं
जणू मी तिच्या ताटात कोळ्याचं जाळं वाढलंय.
मळी घातली.
तिने मळी चाटली, शेवाळ तसंच ठेवलं;
कसं, ते मला अजून कळलेलं नाही.
वहीत आहे: अकरावा दिवस. खाल्लं. सगळं नाही.

शेजारचा बेल्मिरो यावर हसला नाही,
कारण तो आमच्याशी बोलायचाच नाही.
त्या काळ्या दगडांची भिंत
माझ्या वडिलांनी दोन हात सरकवली होती,
किंवा त्याच्या.
चौतीस वर्षं. मला ऐकू जाईल अशा बेताने
तो आपल्या गाईंना सांगायचा,
"आता मासेही चारतील."

मग एका रात्री दारात उभा, टोपी हातात.
पॉम्बाने मक्याच्या भरड्याचं पोतं फोडलं होतं.
डॉक्टरने नळीने सोडा पाजला, दोनदा.
जीव राहिला.
पण तीन दिवस रवंथ नाही.

मी तिच्या कुशीला कान लावला.
कोटीपोट मिनिटाला एकदा तरी कूस बदलतं,
दूरच्या गाडीसारखं गडगडतं.
तिथं काही नव्हतं.
समोर गवत होतं, पाणी होतं.
आंबटाने आतलं गावच उठवलं होतं.

परत गेले. सेरेझा उभ्या उभ्या डुलत होती.
दहा लिटर काढले, फडक्यातून गाळून
दुधाच्या कॅनमध्ये, वर घोंगडं.
हवा लागू द्यायची नाही, निवू द्यायचं नाही.
बेल्मिरोने कॅन मांडीवर घेतला, दोन्ही हातांनी,
आणि मी गाडी हाकली.
वळणावर दिव्यांच्या उजेडात भिंत आली.
दोघांनीही ती पाहिली.

"यात ते शेवाळ आहे का?"
चौतीस वर्षांतला पहिला प्रश्न.
"थोडं."
"हं."

मी नळी धरली, त्याने ओतलं.
वास तर असा, की त्याचा कुत्रा अंगणाबाहेर गेला.
काही गोष्टी पोटात घालाव्या लागतात,
नळीने, कोमट असताना.

नंतर काहीच झालं नाही, खूप वेळ.
आम्ही उपड्या बादल्यांवर बसलो.
तो दोनदा झोपला, दोनदा नाकारलं.
समुद्राकडची खिडकी राखाडी झाली तेव्हा
पॉम्बाच्या गळ्यातून एक गोळा
खालून वर सरकताना दिसला.
जबडा आडवा फिरला. थांबला. पुन्हा फिरला.

बेल्मिरो ओठांत मोजत होता.
गोळा खाली गेल्यावर म्हणाला,
"चोपन्न."
मी बावन्न मोजले होते. बोलले नाही.

भिंत जिथे होती तिथेच आहे.
सकाळी सेरेझाच्या रकान्यात
दहा लिटरचा हिशेब लागेना.
मी लिहिलं: सांडलं.