थेंब क्रमांक बारा

तुर्भ्याला मसाला मार्केटच्या मागच्या रस्त्यावर
आमची प्रयोगशाळा, दुसऱ्या मजल्यावर.
खिडक्या कायम बंद. तरी
लिफ्टमधून मार्केटचं कोणी वर आलं
की माझ्या नाकाला आधी कळतं.

हैबती सपकाळ, वय अठ्ठेचाळीस,
गाव जावळी खोऱ्यात, हल्ली घणसोली,
बावीस वर्षं माथाडी.
अभ्यासात नाव चालत नाही,
म्हणून तो शून्य-चार-सात.

फुंका, फुंका, जोरात, अजून, अजून, सोडू नका!
मी दिवसातून चाळीसदा अशी ओरडते,
घरी मुलगा वाढदिवसाच्या मेणबत्तीपाशी
माझी नक्कल करतो.
पडद्यावर हैबतीची रेघ चढली
आणि उतरताना आत खचली,
पोटात खड्डा पडावा तशी.
पन्नास किलोचं पोतं पाठीवर घेऊन
जिना चढणारा माणूस,
पहिल्या सेकंदात जेमतेम अर्धा श्वास बाहेर.

मग डावा हात टेबलावर, मऊ बाजू वर.
बॉलपेनच्या खुणा, खुणांशेजारी अकरा थेंब:
गादीतल्या धुळीतले किडे, झुरळ, मांजर,
सुबाभळीचे पराग, गाजरगवत,
चार तऱ्हेच्या बुरश्या,
एक नुसतं मिठाचं पाणी,
आणि एक हिस्टामिन, जो उठतोच. उठायलाच हवा,
नाहीतर बाकीच्यांच्या गप्प बसण्याला अर्थ नाही.

"आता पंधरा मिनिटं. खाजवू नका. हात हलवू नका."

"म्याडम, पंधरा मिनिटं हात रिकामा
कधी ठिवलाच न्हाय. ह्येचं करू काय?"

आणि तो बसून राहिला
स्वतःचाच हात सांभाळत,
कुणी राखायला दिलेली वस्तू असावी तसा.
नवी मिरची उतरली की अख्खी गल्ली खोकते, म्हणाला.
धन्याचं बरोबर होतं, सवय व्हती.
मला झाली, छातीला न्हाय झाली.

घड्याळ वाजलं.
हिस्टामिनची गांधी उठली होती, गोल, सहा मिलिमीटर.
पेननं कड काढली, चिकटपट्टीवर उचलली,
कागदावर लावली. एकच बेट.
बाकी हात कोरा.

निकषात बसायला तीन मिलिमीटर लागतात,
निदान एका तरी थेंबाला.
मी रकान्यात लिहिलं: अपात्र.

"म्हंजे मला काय न्हाय?"
त्याचा चेहरा एवढा उजळला
की खरं सांगायला मला पाणी प्यावं लागलं.
दमा आहे. औषध बाहेरच्या ओपीडीत मिळेल, चिठ्ठी देते.
फक्त आमच्या थेंबांमध्ये
तुमचं कारण नाही.

तो चिठ्ठी घेऊन गेला.

आठ दिवसांनी परत आला, न बोलावता.
खिशातून पुडी काढली,
तंबाखूची रिकामी, तोंडाला रबर.
"गाळ्यातली हाय. पंख्यावरनं झाडून आणली.
ह्येचा थेंब करा."

असं होत नाही, मी म्हणाले.
होत नाहीच.
थेंब परदेशातून येतो, शुद्ध, मोजलेला,
त्याला बॅच असते, मुदत असते.
पंख्यावरून झाडलेल्या गोष्टीला काहीच नसतं.
"ह्येला बावीस वर्सं हायत की."

सगळे गेल्यावर मी चिमूटभर काचेवर घेतली.
मिरचीच्या सालीचे लाल तुकडे,
तागाचे धागे, हळदीचे कण,
आणि मधूनच एक किडा, आठ पायांचा, गोदामातला,
आमच्या यादीतल्या किड्याचा
लांबचा भाऊबंद.
मास्क होता. तरी सात शिंका आल्या.
मी मोजल्या, दुसरं येतं काय मला.

आता ती पुडी उणे वीसच्या फ्रीजरमध्ये,
तिसऱ्या कप्प्यात.
तिला क्रमांक नाही.
लेबलवर पेन्सिलीनं: हैबती सपकाळ, पंखा.
डॉक्टरबाई म्हणाल्या, प्रस्ताव लिही, समितीपुढे ठेवू.
समितीची बैठक दोनदा पुढे गेलीय.

पैसे झाले की तो फोन करतो,
मागे हातगाड्यांचा खडखडाट,
आधी खोकला, मग आवाज:
"म्याडम, झाला का माझा थेंब?"