पंधरावा मैल

या पुलाला मी बावीस वर्षं रंग दिला.
त्याचे सांधे मला माझ्या गुडघ्यांइतके ठाऊक आहेत,
कुठला थंडीत आखडतो, कुठला उगाच कुरकुरतो.
म्हणून दर नोव्हेंबरात एका रविवारी
मला नारिंगी जाकीट आणि वॉकीटॉकी देतात
आणि बजावतात : कोणाला हात लावायचा नाही.
हात लावला की माणूस शर्यतीतून बाद.

इथे गर्दी नसते.
क्वीन्सचा गोंगाट मागे चढावालाच संपतो,
मॅनहॅटनचा अजून सुरू व्हायचा असतो.
डोक्यावर मोटारींचा मजला, खाली नदी,
आणि मधल्या या लोखंडी बोगद्यात
ज्याचा त्याचा श्वास ज्याला त्याला ऐकू येतो.

आधी चाकं येतात.
लांबून वाटतं, कुणी घाईघाईनं पीठ थापतंय.
कडक हातमोजे, कड्यावर ठोसा, ठोसा, ठोसा,
पाय पोटाखाली दुमडलेले, मान खाली,
मिटलेल्या चाकूसारखी माणसं
समोरून जातात, आणि उताराला उघडतात.

सगळ्यात शेवटी डेल्फीन कार्दोझा.
आमच्याच अ‍ॅस्टोरियाची. तिच्या बापाचं सलून होतं
तेव्हा मी तिथे दाढी करायचो,
ती कोपऱ्यात बसून आरशातून माझ्याकडे बघायची.
पहिल्याच पुलावर पुढचं चाक वाकलं, टायर फाटला,
दुरुस्तीत पाऊण तास गेला आणि राखीव टायरही.
तरी आली. आणि चौथ्या सांध्यावर, माझ्यासमोर,
फुस्स.
एवढासाच आवाज.
रस्त्यावर कुणी वळूनही पाहिलं नसतं.

तिनं पोर्तुगीजमध्ये एक शिवी हासडली,
पुलाला. म्हणजे मलाच.
माझे हात खिशात. खिशात चिकटपट्टी होती.

मग त्या आल्या, धावणाऱ्या, आठ-नऊजणी,
एकाच ठाणातून कातरल्यासारख्या.
त्यांचे पाय जमिनीला लागतात
ते केवळ शिष्टाचार म्हणून.
गेल्या. वारा मागे उरला,
आणि कठड्याला धरून एकजण.
मांडी दोन्ही हातांत घट्ट,
जणू ती सोडली तर नदीत पडेल.

छातीवर नाव : त्सेहाय.
आमच्या टोळीत एक एरिट्रियन होता,
त्याच्या मुलीचं हेच नाव. अर्थ, सूर्य.
या मजल्यावर ऊन येत नाही.

दोघींत मिळून एकही भाषा नव्हती.
त्सेहायनं चाकाकडे बोट दाखवलं,
डेल्फीननं तिच्या मांडीकडे,
आणि दोघी अशा हसल्या
की एकाच दुकानदारानं दोघींना फसवलं असावं.

वॉकीटॉकी विचारते : गाडी पाठवू का, दोघींसाठी?
मी बटण दाबलं, आणि बोललो नाही.
तिथून पुन्हा : ऐकू येतंय का?
डेल्फीन हातमोज्यांचे पट्टे आवळत म्हणाली,
एकीसाठी सांगा.

निघाली. रिकाम्या टायरवर.
ठोसा, खरड. ठोसा, खरड.
चढाव संपला होता हे खरं,
पण पुढे अकरा मैल शहर होतं.

त्सेहाय तीन पावलं तिच्या मागे गेली,
थांबली, पाय तपासला,
पायानं नाही म्हटलं.
गाडीत बसताना तिनं चंदेरी पांघरूण
डोक्यावरून ओढून घेतलं. रडली असेल.
की नुसती थंडी. मी विचारलं नाही,
पाणी दिलं. ते द्यायला परवानगी आहे.

तेवढ्यात पुलाच्या टोकाकडून आवाज आला,
आधी दोन-चार माणसांचा,
मग जिना कोसळावा तसा.
खरड त्यात बुडाली.
तिला किती वेळ लागला ते मी नंतरही पाहिलं नाही.

संध्याकाळी झाडू घेऊन चौथ्या सांध्यापाशी गेलो.
नखाएवढी लोखंडाची कपची सापडली,
एका बाजूला अजून रंग होता.
आमचाच. दुसरा हात, थोडा जाड बसलेला,
बहुतेक घाईच्या दिवशी दिलेला.
खिशात टाकली,
चिकटपट्टीशेजारी.