सातत्य

फेब्रुवारी. हॅमिल्टन. उणे चौदा.
पोलादाच्या बंद कारखान्यात आम्ही जुलै उभारलाय.
नटांच्या तोंडात बर्फाचे खडे,
श्वासाची वाफ दिसली
तर उन्हाळा फुटतो.

माझं काम: काही फुटू न देणं.
तिसऱ्या टेकला बाही कोपराच्या वर होती की खाली,
पेल्यात दूध किती उरलं होतं,
वादळ थांबवणारं यंत्र
डाव्या हातात होतं की उजव्या.
एकतीस वर्षं लिहून ठेवते आहे.
घरी माझा मलाच चष्मा सापडत नाही.

मालिकेतली पोरगी पंधराची.
गॅरेजात बसून भंगारातून पंख करते,
शहर वाचवते, आणि गणिताच्या पेपरला उशिरा पोचते.
मायुमी ते काम करते. पंख छान सांभाळते.
पण झाळकामाचा जवळचा शॉट आला
की दिग्दर्शक ओरडतो, "हात आणा!"

हात म्हणजे क्रिसान्तो.
इलोइलोत पंचवीस वर्षं टीव्ही दुरुस्त केले,
इथे व्हॅक्यूम क्लीनर.
साठीचा माणूस, मूठ मात्र पोरीएवढी.
मेकअपवाली त्याची लव काढते,
नखांना मायुमीचाच जांभळा रंग लावते,
जुने चटके एकेक करून बुजवते.
पावडरीखाली अख्खं दुकान गडप.
तो म्हणतो, माझे हात हातात घेऊन
वीस मिनिटं कुणी बसलं नव्हतं आजवर.
हसतो. आणि कथिलाचा थेंब सोडतो
असा, की कॅमेऱ्यामागचा पोरगा श्वास घ्यायचा विसरतो.
(वाफेची चिंता तेवढी मिटते.)

यंत्र खोटं आहे, हे सांगायला नकोच.
एक साबणदाणी, खेळण्यातला दिवा, नऊ व्होल्टची बॅटरी.
पण क्रिसान्तोला खोटा सांधा जमत नाही.
जिथे कॅमेरा कधीच जाणार नाही
तिथेही त्यानं तारा नीट जोडल्यात.
कशाला, विचारलं.
म्हणाला, "उघडेल कुणीतरी."

उघडलं मायुमीनं.
जेवणाच्या सुट्टीत, अंगावर अर्धे पंख तसेच,
ती आणि तो, मध्ये एक मुका रेडिओ.
मी पाहिलं. लिहिलं नाही.
आठवडाभर पाहिलं.

दहावा भाग, दृश्य चाळीस.
"हात आणा!"
मायुमी म्हणाली, "आणलेत."
आणि पुढे केले.
उजव्या अंगठ्यावर भाजल्याचा ताजा डाग,
मसुरीच्या दाण्याएवढा.
नवव्या भागात नव्हता,
आणि गोष्टीत अजून तीच रात्र चालू होती.
ती मात्र सोन्याचा डाग मिरवावा
तसा अंगठा धरून उभी.

सगळे माझ्याकडे बघू लागले.
या पोरांना नियम मीच शिकवलाय:
कापलेल्या क्षणाच्या दोन्ही कडा जुळल्या पाहिजेत,
तिकडे नसलेलं इकडे असू नये.
मेकअपवाली डबी उघडून तयार.
क्रिसान्तो नखं कुरतडत होता. जांभळी.

मी वही चाळली. चाळायची गरज नव्हती.
मग लिहिलं:
उजवा अंगठा, डाग एक. झाकू नये.
यापुढे प्रत्येक भागात हवा.
बरा झाला तर रंगवून द्यावा.

"ब्रॉन्या," दिग्दर्शक म्हणाला, "लोक पत्रं पाठवतील."
पाठवू देत. मी उत्तर देईन.

तिचा पहिला थेंब भलतीकडे घरंगळला,
दुसरा बसला.
साबणदाणीतल्या दिव्यानं
एकदा डोळा मिचकावला, मग उघडाच ठेवला.
छताच्या फटीतून आमच्या जुलैवर
बर्फाची भुकटी पडत होती;
तेवढा शॉट मात्र पुन्हा घ्यावा लागला.

संध्याकाळी पगाराचा कागद भरताना
कारकुनानं विचारलं, आज हात वापरले का?
क्रिसान्तो टोपी चढवून दाराशी पोचला होता.
मी म्हटलं, लिही:
दोन जोड्या.