वळशासकट

पोरं विचारतात, सर, सगळ्यांत वेगवान कोण?
मी म्हणतो, आधी बसा. पाणी प्या.
मग पिशवीतून वही काढतो,
शाळेच्या दप्तरात 'गहाळ' म्हणून नोंदवलेली.

बहात्तर साल. वामन घाडीगावकर, नववी ब.
तीन हजार मीटर, नऊ मिनिटं एकेचाळीस.
अनवाणी. नायगावचं मैदान, फक्कीच्या रेघा,
तिसऱ्या वळणावर क्रिकेटवाल्यांचा रोलर.
तो कधी हलला नाही, पोरंच वळसा घालायची.
वामनच्या टाचांना भेगा, भेगांत फक्की.
शर्यत संपली की बापाचा डबा उचलून
गिरणीच्या फाटकापर्यंत पुन्हा पळत.
ती वेळ कुणी लावली नाही.

एकोणनव्वद. अस्मा मुकादम, माझगावची.
मुलींना आमच्याकडे पंधराशेच्या पुढे शर्यतच नव्हती,
म्हणून मुलांच्या मागे उभी केली, छातीवर नंबर नाही,
सलवारीला गुडघ्याखाली रबरबँड.
दहा बावीस. पाचवी आली.
निकालपत्रात पाचवा म्हणून सहाव्याचं नाव.
माझ्या वहीत ती आहे, हिरव्या शाईत,
कारण निळी तेव्हाच संपली होती.

दोन हजार एकोणीस. तन्वेश केणी.
आठ छप्पन्न. लाल सिंथेटिक ट्रॅक,
भाकरीएवढ्या जाड तळव्यांचे बूट,
नाडीचे ठोकेसुद्धा सांगणारं घड्याळ.
मी पाहुण्यांच्या खुर्चीत, हात रिकामे.
शेवटच्या फेरीत त्यानं समोर नाही, मनगटाकडे पाहिलं
आणि मी मनातल्या मनात हसलो.
मग रेषेपलीकडे तो ओणवा होऊन ओकला,
आणि ओकता ओकताच मागून कोसळणाऱ्या पोराला
एका हातानं सावरलं.
हसू गिळावं लागलं.

तर, पंचेचाळीस सेकंद.
तन्वेश वामनच्या पुढे पंचेचाळीस सेकंद.
फळ्यावर गणित इथं संपतं.

पण निवृत्तीच्या वर्षी मी मेहुण्याकडून
पालिकेचं मोजणीचं चाक मागून आणलं होतं.
रोलर तिथंच, गंजलेला, त्यावर एक मांजर.
त्याला वळसा घालून फेरी भरली चारशे अकरा.
साडेसात फेऱ्या.
म्हणजे वामन ब्याऐंशी मीटर जास्तीचा धावला
आणि ते त्यालाही माहीत नाही.
त्याचे धरा पंधरा सेकंद. उरले तीस.
त्यातले टाचांचे किती,
आणि पाळीपाळीनं झोपणाऱ्या नऊ माणसांच्या खोलीचे किती,
हे कुठल्या चाकानं मोजायचं?

आणि एक राहिलंच.
बहात्तर साली मी तेवीस वर्षांचा,
हातात पहिल्यांदाच घड्याळ.
बार झाला तेव्हा मी वामनकडे बघत होतो.
असा काही सुटला तो,
की अंगठा दाबायचा राहून गेला.
किती? अर्धा सेकंद? दोन?
सत्तेचाळीस वर्षं मी ते कुणाला सांगितलं नव्हतं.
तेवढा वेळ वहीत नाही.
तेवढा तो माझ्यापाशी आहे, फुकट धावलेला,
आणि कधी कधी रात्री
झोप लागण्याआधी मी तो पुन्हा बघतो.

पोरं चुळबुळतात. कुणी बुटाची नाडी सोडतं, बांधतं.
त्यांना एक नाव हवंय, फारतर दोन.
मागच्या रांगेतली सावे नावाची मुलगी,
जी कधी बोलत नाही, तिनं हात वर केला.
सर, ती नंबर नसलेली,
तिला नंबर दिला असता
तर कितवी आली असती?

आली असती नाही, मी म्हणालो.
पाचवी आली.
चला उठा, ऊन चढतंय.
आणि रोलरला आतून कापायचं नाही कुणी.