मिशी, एक

दुपारी तीनला टेम्पोतून ट्रंक उतरली
कन्नमवार नगरच्या मैदानात,
आणि मी पहिलं विचारलं, सावली कुठाय?
मंडप होता तो स्टेजला.
आम्हाला पाण्याची टाकी, तिच्यामागे दोन बाकं
आणि एक ताडपत्री, जिला बांधायला दोरी पुरली नाही.
मी प्रधानाचा शेला काढला, गाठ मारली,
वहीत लिहिलं: शेला, एक, ताडपत्रीला.

वही माझ्या पुतणीची. पुढे तिची वजाबाकी,
मागून माझा दरबार:
झगे सात. फेटे पाच. कंबरपट्टे चार (एकाचा हूक नाही).
मिशा तीन.
सेफ्टी पिना मी मोजत नाही.
त्या देवाच्या भरवशावर.

ऊन असं की रंग चेहऱ्यावर बसेना,
लावला की निघाला घरी जायला.
लस्सीवाल्याकडून बर्फ आणला,
फडक्यात बांधून एकेकाच्या गालावर फिरवला,
गाल गार झाला की पटकन हात.
प्रधान म्हणाला, ताई, असंच ठेवा, रंग नको.

साडेचारला खाडीवरून वारा सुटला,
चिखलाचा, खारट वास घेऊन.
दोरीवरचे झगे फुगले, बाह्या उचलल्या,
आत कुणीच नसताना
अख्खा दरबार उभा राहिला क्षणभर.
मी चिमटे शोधत धावले.

राजा पाच वाजता आला.
प्रभाकर पाष्टे, पवईच्या एका टॉवरचा वॉचमन,
रात्रपाळी करून, त्यावर दिवसाचीही ओढून,
अंगात अजून ती निळी वर्दी, खांद्यावर शिट्टीची दोरी.
नाटक आहे झोप न येणाऱ्या राजाचं.
हा बाकावर बसला, मी कपाळाला पांढरा लावेपर्यंत
मान माझ्या पोटावर टेकून घोरू लागला.
डोळ्यांखाली काळं लावायचं असं सरांनी सांगितलं होतं.
मी ब्रश उचलला,
आणि परत डबीत ठेवला.
झोपेतच त्याचा मुखवटा पुरा केला, भुवया, गाल, ओठ.
वर्दी घडी करून ट्रंकेत ठेवली, राजाच्या झग्याच्या जागी.
तिची नोंद मात्र राहिली.

सव्वासहाला राणीची चोळी काखेत उसवली.
काढायला वेळ नाही. अंगावरच सुई चालवली.
अंगावर शिवताना तोंडात दोरा धरायचा,
हे माझ्या आईचं, तिच्या आईचं,
मला पटत नाही, पण मी पाळते.
ऊर्मिला दात दाबून दोरा धरून उभी,
डोळे मिटून, आत संवाद म्हणत असावी,
ओठ हलत नव्हते, गळा हलत होता.
समोर माईक बडबडत होता:
टेस्टिंग, टेस्टिंग, चपला बाहेर काढा.

मग सगळे गेले उजेडात.
ताडपत्रीमागे मी, रिकाम्या डब्या,
पिवळा झालेला बर्फ.
तिथून नाटक दिसत नाही, पाठी दिसतात.
घाम उतरत कमरेपर्यंत आला की
मला कळतं दुसरा अंक सुरू झाला.

साडेनऊला खोबरेल तेल.
जुन्या साडीच्या एकाच तुकड्याला
प्रधानाचा तांबडा, राणीची हळद, राजाचं पांढरं.
प्रभाकरने तोंड पुसलं, वर्दी चढवली, शिट्टी चाचपली.
कानामागे थोडं पांढरं राहिलं होतं.
सांगणार होते. बस आली त्याची.

मोजणी केली. झगे सात. फेटे पाच.
प्रधानाचा शेला अजून ताडपत्रीला, तो सोडवला.
मिशा दोन.

बाकांखाली पाहिलं, वाळूत पाहिलं, मोबाईलच्या उजेडात.
तेवढ्यात गेटाजवळ आईच्या बोटाला धरून
एक पोरगा चालला होता, पाचेक वर्षांचा,
चप्पल हातात, मान ताठ,
आणि नाकाखाली शिपायाची मिशी,
एका बाजूने सुटलेली.
ती तळव्याने दाबत
तो भिंतीलगत असा चालला होता
की शेजारचा कुत्रा उठून बाजूला झाला.

मी हाक मारायला तोंड उघडलं.

वहीत लिहिलं:
मिशी, एक, वाऱ्याने नेली.
भरपाई माझ्याकडून.