तिसरं बटण

साडेपाचचा कार्यक्रम, आणि चारलाच
वाचनालयाच्या जिन्याखाली रांग.
सिन्नरहून एसटीने आलेल्या दोघी बहिणी,
एकीच्या पिशवीत गजरा, दुसरीच्या पिशवीत बीपीची गोळी.
ओझरचे निवृत्त फिटर गोवर्धन आहेर,
ज्यांना त्याचे सगळे संवाद पाठ आहेत
आणि जे कोणी विचारायची वाट बघत नाहीत.
जानेवारी. सगळ्यांनी स्वेटर घातलेत,
फोटोच्या वेळी काढायचे असं ठरवून.

मी नानांच्या वतीने आले.
नाना म्हणाले, तूच जा.
त्याने मला ओळखलं नाही, तर त्यालाच वाईट वाटेल.
आणि निघताना माझ्या पर्समध्ये
सुई-दोरा टाकला, काळा.
असू दे, म्हणाले.

गोष्ट एवढीच, की सत्त्याऐंशी साली
दुसरी घंटा झाल्यावर
श्रीरंग मोहोळकरांच्या कोटाचं तिसरं बटण तुटलं.
कोणीतरी धावत मेन रोडच्या बोळात आलं
आणि नाना चपला मशीनखाली विसरून
अनवाणी विंगेत गेले.
तिसऱ्या घंटेच्या आत शिवलं.
कात्री राहिली दुकानात, म्हणून दोरा दातांनी तोडला,
तेव्हा कान त्याच्या छातीला टेकला.
एवढा मोठा नट,
आणि काय धडधडत होतं गं आत!

हे आमच्या घरात इतक्यांदा सांगून झालंय
की आई मध्येच कुकरच्या शिट्ट्या मोजायची.

पुस्तक हातात पडल्यावर मी आधी नाशिक शोधलं.
पान दोनशे चार. अर्धी ओळ.
‘नाशिकला थंडी फार होती.’

तो आला, तर वाटला त्यापेक्षा लहान.
माईक खाली ओढून द्यावा लागला.
आजारपणावर बोलला, एका घरावर बोलला
जे त्याने विकलं आणि मग तीन वर्षं त्याच रस्त्याने गेला नाही.
कोणी म्हणालं, ते शेवटचं स्वगत होऊन जाऊ द्या.
तो उठला. आवाज अजून तोच.
चौथ्या वाक्याला थांबला.
आम्हाला वाटलं, हा अभिनय.
मग वाटलं, नाही.

तिसऱ्या रांगेतून आहेरांनी
पुढचा एकच शब्द दिला,
इतका हळू, की देवळात शेजारच्याला प्रसाद द्यावा तसा.
त्याने घेतला. पुढे गेला.
टाळ्या वाजल्या तेव्हा आहेर तेवढे वाजवत नव्हते.

सहीच्या रांगेत माझ्याकडे चार वाक्यं तयार होती.
‘कोणाच्या नावाने?’
पुंडलिक भांबरे.
‘भांबरे की भामरे?’
अनुस्वार आहे.
त्याने अनुस्वार दिला, नीट, गोल.
मागून आवाज, ताई, पुढे सरका.
मी म्हणाले, नाशिकला थंडी फार होती ना तेव्हा?
त्याने वर पाहिलं, पेन हातात तसंच.
‘आजही आहे,’ म्हणाला,
आणि पुढच्या बाईचं पुस्तक ओढून घेतलं.

घरी नानांनी सही पाहिलीच नाही.
अंगात काय होतं त्याच्या?
जाकीट.
खांदा कसा बसला होता?
उतरत होता जरा.
नाना बराच वेळ गप्प.
हल्ली कोण शिवतं त्याला, कुणास ठाऊक.

मग मुखपृष्ठ दिव्याखाली धरलं.
फोटोत तोच कोट, निदान तसाच.
भिंग आणलं. बटणं वरून मोजली,
तिसऱ्यावर थांबले,
खालून मोजली, परत वर.

हेच ना, नाना? दिसतंय का?

काळ्यावर काळा दोरा, म्हणाले.
दिसला, तर शिवणारा कच्चा.

भिंग पुसून खोक्यात ठेवलं.
पुस्तक उलटं करून किंमत वाचली.
साडेचारशे?
साडेचारशेत त्या साली
अस्तरासकट दोन कोट झाले असते.